म्हापशाच्या त्या दोघांचे मनापासून आभार

काकांची 1967 ची मर्सिडीज 230 एस पुन्हा सुरळीत धावतेय. ऑटोमॅटिक गिअर टाकला की ती जोरात हिसका द्यायची. जो तो गिअरबॉक्स खोलायला सांगत होता. म्हापशाच्या वयस्कर मिस्त्रींनी मात्र आधी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) लिंकेजवरचा, म्हणजे ॲक्सिलरेटरला जोडणाऱ्या दांड्यांवरचा, स्विच पाहिला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हा स्विच लागतो, गिअरबॉक्सवरच्या सोलेनॉइडला (विजेने झडप हलवणाऱ्या कॉइलला) करंट मिळतो, ऑइलचं प्रेशर उतरतं आणि गिअर अलगद पडतो. इथल्या खाऱ्या हवेने त्याचे पॉइंट हिरवे पडले होते. मिस्त्रींनी ते घासले, दोन्ही झेनिथ कार्ब्युरेटरचं आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) जुळवलं आणि मगच टेस्ट लॅम्प लावून स्विच बसवला. आधी लिंकेज, नंतर स्विच, हा क्रम त्यांनी जराही सोडला नाही. किती शांतपणे काम करतो हा माणूस!

पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारा, पेडलखालचा किकडाउनचा स्विच तरुण वायरमनने भर पावसात, डॅशबोर्डखाली आडवं होऊन लावला. पैसे मात्र दोघांनीही जेमतेम घेतले.

देव बरें करूं! काकी म्हणतात, चवथीला दोघांनीही घरच्यांना घेऊन जेवायला यायचंच.