तक्रार: लिनक्स संगणकावरील अपडेट अडणे आणि त्यावर मिळालेला ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) बसवून दिलेल्या घरगुती संगणकातील सदोष डिस्क-मांडणी, मुदत संपलेली स्वाक्षरी-किल्ली (सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे तपासणारी डिजिटल किल्ली) आणि चुकीचे तांत्रिक मार्गदर्शन

महोदय,

आपल्या वाशीच्या दुकानातून घेतलेल्या संगणकावर सध्या एकही नवे सॉफ्टवेअर बसत नाही. मदत कक्षाला तीन वेळा फोन केला, तीन वेगळे उपाय मिळाले आणि तिन्ही चुकीचे होते. यंत्राबद्दल तक्रार नाही. दोष आपण डिस्कवर जे आधीच बसवून देता त्यात आहे, म्हणजे या मॉडेलच्या प्रत्येक ग्राहकाला आज ना उद्या तो भोवणार.

पहिला आणि मोठा दोष /बूट विभागाचा, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या फाइली असलेल्या डिस्कच्या भागाचा. तो आपण फक्त २५६ एमबीचा ठेवला आहे. वापरायला मिळतात साधारण २४०. या संगणकावर एका कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) फाइल १५ एमबी, तिच्यासोबतची सिस्टिम मॅप ही फाइल ९ एमबी आणि इनिटआरडी (सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) सुमारे ७५ एमबी, म्हणजे एका कर्नलमागे जवळपास १०० एमबी लागतात. दोन कर्नल असतात तोवर सगळे सुरळीत. अपडेटमधून तिसरा आला की त्याची मूळ फाइल कशीबशी मावते, पण पुढच्या टप्प्यात इनिटआरडी तयार करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असे येते आणि पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणारे डीपीकेजी हे साधन १ हा त्रुटी-क्रमांक देऊन थांबते. पॅकेज उघडलेले असते, जुळणी (कॉन्फिगर) मात्र अर्धवट राहते. डीपीकेजी -एल करून पॅकेजांची यादी पाहिल्यावर त्याच्यापुढे ‘आयएफ’ दिसते ते यामुळेच.

यानंतर कोणतेही पॅकेज बसवायला घेतले, अगदी मराठी टंक किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर, तरी ॲप्ट (डीपीकेजीकडून काम करून घेणारे साधन) आधी त्या अडकलेल्या कर्नलची जुळणी पुन्हा करू पाहते आणि शेवटी तीच त्रुटी दाखवते. ग्राहकाला वाटते, प्रिंटरचा ड्रायव्हरच खराब. आपल्या प्रतिनिधीलाही तसेच वाटले. त्रुटीची शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. खरे कारण तिच्या वीस-पंचवीस ओळी वर असते आणि /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग या फाइलमध्ये ते जसेच्या तसे सापडते.

यावर पहिला सल्ला मिळाला तो फॉरमॅट मारण्याचा, म्हणजे सगळी डिस्क पुसण्याचा; त्याची काहीही गरज नव्हती. आधी डीएफ -एच /बूट करून जागा पाहायची. यूनेम -आर ने सध्या चालू असलेला कर्नल ओळखायचा आणि त्याला हात लावायचा नाही. मग नको असलेली जुनी पॅकेजेस काढायला सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज करून पाहायचे. त्याने जागा सुटली नाही, तर सर्वांत जुन्या कर्नलची इमेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तिन्ही पॅकेजेस सुडो डीपीकेजी --पर्ज या एकाच आज्ञेत नावानिशी द्यायची. एकेक दिली तर परस्परावलंबनामुळे नकार मिळतो. त्यानंतर अडकलेली जुळणी पूर्ण करायला सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए आणि सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल. दहा मिनिटांचे काम आहे. पण विभाग एवढाच राहिला तर काही महिन्यांनी पुन्हा तेच होणार. वेगळा /बूट ठेवायचाच असेल, तर तो दीड-दोन जीबीचा हवा.

दुसरा दोष आपल्या कंपनीच्या स्वतःच्या रिपॉझिटरीचा, म्हणजे जिथून पॅकेजेस उतरतात त्या साठ्याचा. ॲप्ट अपडेट करताना तिच्यापुढे ‘एक्सपी-की-सिग’ येते. किल्ली गहाळ असती तर ‘नो-पब-की’ आले असते. इथे किल्ली आहे, मुदत संपली आहे, आणि ती वाढवणे फक्त आपल्याच हातात आहे. त्याऐवजी दुसरा सल्ला मिळाला तो सोर्सच्या ओळीत (जिथे रिपॉझिटरीचा पत्ता असतो) ‘ट्रस्टेड=येस’ लिहिण्याचा. असे लिहिल्यावर ॲप्ट त्या रिपॉझिटरीची स्वाक्षरी तपासून अडवतच नाही. पॅकेज रूटच्या (सर्वोच्च) अधिकाराने बसते आणि आपली रिपॉझिटरी साध्या एचटीटीपीवर आहे, म्हणजे मधल्या मध्ये कोणी पॅकेज बदलले तरी कळणार नाही. हा सल्ला देणे हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे.

तिसरा सल्ला होता /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ही फाइल (एका वेळी एकच अपडेट चालावे यासाठीचे कुलूप) पुसून टाकण्याचा. संदेशातच लिहिले होते की कुलूप ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ने धरले आहे, सोबत प्रक्रियेचा क्रमांकही होता. संगणक सुरू झाल्यावर सुरक्षा अपडेट आपोआप बसत असतात. अशा वेळी थांबायचे असते. फाइल पुसली तर दोन अपडेट एकाच वेळी सुरू होऊन एकमेकांत घुसू शकतात आणि पॅकेजांची नोंद बिघडू शकते. ज्यांनी आपले ऐकून हे केले असेल, त्यांना निदान /व्हार/बॅकअप्स मधली डीपीकेजी.स्टेटस.० ही या नोंदीची प्रत वापरता येते हे तरी कळवा.

माझ्या मागण्या अशा: /बूट विभाग घरी येऊन, डेटा न पुसता आणि विनाशुल्क वाढवून द्यावा; किल्लीची मुदत वाढवून रिपॉझिटरी एचटीटीपीएसवर न्यावी; नव्या संगणकांत ही मांडणी देणे थांबवावे; ‘ट्रस्टेड=येस’ आणि लॉक पुसण्याचा सल्ला मदत कक्षाच्या सूचनांतून काढावा. कोपरखैरणेपर्यंत येऊन फक्त ‘फॉरमॅट मारावा लागेल’ एवढे सांगण्यासाठी घेतलेले ७५० रुपये परत करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली जाईल आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल.

सोबत: खरेदीची पावती, घरभेटीच्या शुल्काची पावती, टर्म.लॉग आणि डीएफच्या उत्तराची प्रत.

आपला,
एक ग्राहक
कोपरखैरणे, नवी मुंबई