फिनले मिलबाबत एकदाचा निर्णय द्या

संपादक महोदय,

निवडणूक जवळ आली की अचलपूरच्या फिनले मिलचा विषय हमखास निघतो आणि मतदान आटोपले की तो पुन्हा बासनात जातो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातील २३ गिरण्या थांबल्या, त्यांत हीही थांबली. टाळेबंदी उठली, बाजार उघडले; गिरणीचे काम मात्र पूर्ववत झाले नाही.

अचलपूरला हा धक्का दुसऱ्यांदा बसला आहे. वऱ्हाडचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तेथून दूरदूरच्या गिरण्यांकडे जात असताना, त्याचे सूत आणि कापड गावातच करणारी विदर्भ मिल येथे उभी राहिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारकडे गेली, तरीही पुढे बंद पडली. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी विकून आलेल्या पैशातून महामंडळाने अचलपुरात नव्या यंत्रांसह फिनले मिल उभारली, तेव्हा गावाला पुन्हा जीव आला होता.

आमच्या शेजारचे काका विदर्भ मिलमध्ये साच्यावर, म्हणजे सुताच्या यंत्रावर, होते. तुटलेला धागा बोलता बोलता चिमटीत धरून जोडायची सवय त्यांना इतकी अंगवळणी पडली होती की, घरी गोधडीचा दोरा निसटला तरी त्यांचा हात आपोआप तिकडे जाई. त्यांचा मुलगा फिनलेत लागला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. तो मुलगा आज अचलपूर-परतवाडा रिक्षा चालवतो आणि गिरणी सुरू होईल या आशेवर बाहेरगावची नोकरी धरत नाही. गिरणीच्या फाटकासमोरच्या चहावाल्याने उधारीची वही अजून फाडलेली नाही.

सार्वजनिक पैशातून कायम तोटा सोसावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु येथे कापूस आहे, हात बसलेले कामगार आहेत आणि यंत्रे उभी आहेत. यंत्र जितके दिवस बंद राहील, तितका ते सुरू करण्याचा खर्च वाढत जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. महामंडळाने गिरणी चालवावी, राज्य शासनाने ताब्यात घ्यावी किंवा भाडेपट्ट्याने द्यावी. यांतले काहीच शक्य नसेल, तर तसे लेखी जाहीर करून कामगारांची देणी पूर्ण चुकती करावीत आणि ती जागा कापसावरील उद्योगासाठीच राखून ठेवावी. शकुंतला गेली, विदर्भ मिल गेली, ती निदान गेल्याचे कळले तरी. फिनलेच्या कामगाराला धड कामही नाही आणि सुटकाही नाही.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने यंदाचा कापूस बाजारात येण्यापूर्वी हा निर्णय तारखेसह जाहीर करावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षक, अचलपूर (जि. अमरावती)