मीटर बदलण्याआधी केबल पाहा

मंचर,
१४ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पिकअपच्या वेग दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर बसला आहे, पासिंग तोंडावर आले आहे आणि गॅरेजवाल्याने अख्खे मीटर बदलायला सांगितले आहे, हे वाचून मला माझीच मागच्या वर्षीची फजिती आठवली. पैसे देण्यापूर्वी हे पत्र सावकाश वाच, शक्यतो गाडीजवळ बसून.

जे सर्वांत आधी पाहायचे, नेमके तेच तू लिहिलेले नाहीस. काटा हलत नाही हे खरे, पण गाडी चालताना किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात का? आपल्या दोघांच्याही गाड्या जुन्या, केबलच्या मीटरच्या. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, निघतो तिथे, प्लास्टिकची एक लहानशी पिनियन, म्हणजे दातेरी चक्री, असते. ती केबलच्या आतली तार फिरवते आणि ती तार वर मीटरमधले लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. चुंबक फिरू लागले की वाटीत विजेचे भोवरे उठतात, त्यांच्या ओढीने वाटी वळू पाहते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते तो वेग काटा दाखवतो. ऑटो शुल्झे या जर्मन गृहस्थाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले आणि अजून आपला भाजीपाला तिच्याच भरवशावर मार्केटला जातो, याचे मला कौतुक वाटते. आकडे मात्र त्याच तारेवर दातेरी चाकांनी फिरतात. त्यामुळे आकडे चालू आणि काटा बंद असेल, तर दोष मीटरमध्ये आहे आणि गॅरेजवाला खरे बोलतो आहे. दोन्ही बंद असतील, तर बहुधा तार तुटलेली आहे किंवा पिनियनचे दाते गेले आहेत.

खात्री करायला गाडी सपाट जागेवर घे, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, मागचे एक चाक जॅकवर उचल, गिअर न्यूट्रलमध्ये ठेव आणि हँडब्रेक सोड. इंजिन बंदच राहू दे आणि गाडीखाली कोणी जाऊ नये. मीटरमागून केबल सोडव आणि चिरंजीवांना चाक हाताने फिरवायला सांग. तारेचे चौकोनी टोक फिरले, तर खालचे सगळे ठीक आहे. फिरले नाही, तर तार वरून ओढून पाहा. तुटली असेल तर अर्धीच हातात येईल. तार अखंड निघाली, तर गिअरबॉक्सकडची पिनियन काढून तिचे दाते तपास. ती काढताना थोडे ऑइल गळेल, त्याने घाबरू नकोस.

आता माझी फजिती ऐक. माझी तार तुटलेली निघाली, मी नवी केबल टाकली आणि तीन आठवड्यांत तीही तुटली. पहिली तार का तुटली, हे मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या वेळी डॅशबोर्ड उघडला, तेव्हा दिसले की गाण्यांचा टेप बसवणाऱ्याने मीटरची केबल वायरिंगच्या जुडग्याबरोबर प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधली होती आणि मीटरच्या मागेच तिला काटकोनात मुरड पडली होती. अशा केबलला वीतभर त्रिज्येचे सैल वळण लागते. ती पट्टी कापायला मला अर्धा मिनिटही लागला नाही! तुटण्याच्या आधी महिनाभर काटा थरथरत होता आणि डॅशबोर्डमागून टिकटिक येत होती, तिकडे मी सरळ दुर्लक्ष केले. केबल मोकळी असूनही पुन्हा तुटली, तर मीटरचाच आस कोरडा पडून जड झाला आहे, असे समज.

नवी तार घालताना तिला पातळ ग्रीस बोटाने पुसून लाव, पण वरचे चार-पाच इंच कोरडे ठेव, नाहीतर ग्रीस चढून वाटीपाशी पोहोचते आणि काटा चिकटतो. पिनियन बदलायची झाल्यास जुनीचे दाते मोजून तेवढ्याच दात्यांची घे. एखादा दाता कमी-जास्त झाला तरी मीटर खोटे बोलू लागते.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर काटा साठवर धर आणि शेजारी बसलेल्याला घड्याळ पाहायला सांग. किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधले, म्हणजे एक किलोमीटरचे, अंतर बरोबर एका मिनिटात कापले गेले पाहिजे. मी नारायणगावच्या वाटेवर मोजले तेव्हा चौसष्ट सेकंद लागले, म्हणजे माझे मीटर थोडे जास्त दाखवते. ते मी तसेच राहू दिले आहे.

केबल आणायला जाशील तेव्हा जुन्या तारेचे दोन्ही तुकडे आणि कव्हर बरोबर ने, लांबी आणि टोकांचे आटे जुळवून घेता येतील. आकडे सरकतात की नाही, ते उद्याच पाहून कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष