बंदरात उतरलेलं पॅनेल गच्चीवर कधी चढणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर सौरऊर्जेच्या जागतिक बाजाराच्या बातम्या येतात, त्या मी नेमाने कापून ठेवते. कुठल्या देशाने किती गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे दहा लाख किलोवॉट) जोडले, कुठल्या कंपनीचा शेअर चढला, २०३० पर्यंत किती वाढ होणार, हे सगळं त्यांत असतं. पण ज्या बंदरातून ही पॅनेलं देशात आली, त्या बंदराच्या शेजारच्या शहरांत गच्च्यांवर काय आहे, हे मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी पंचवीस वर्षं एका कस्टम हाउस एजंटच्या, म्हणजे आयातदारांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, कचेरीत आयातीची कागदपत्रं केली. न्हावा शेवाला माल उतरला की बिल ऑफ एंट्री, म्हणजे आलेल्या मालाचं कस्टमला द्यायचं विवरण, भरायची, ड्युटी काढायची, तपासणी लागली तर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, माणूस पाठवायचा. एकदा माणूस नव्हता म्हणून मीच गेले आणि सोलरचा कंटेनर माझ्यासमोर उघडला. चाळीस फुटी डबा, आत पॅनेलं उभी रचलेली, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, वरून पट्ट्या आवळलेल्या. एका पॅलेटवर ३१, असे २० पॅलेट. ५५० वॉटचं एक पॅनेल धरलं तर ६२० पॅनेलांचे ३४१ किलोवॉट होतात. आमच्या सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं भागायला ३० किलोवॉट पुरतात. म्हणजे उरणहून सुटलेल्या एका ट्रेलरवर अकरा सोसायट्यांची वीज असते. तेव्हापासून असा ट्रेलर दिसला की मी मनात इमारती मोजते.

या धंद्यात इनव्हॉइसवर भाव वॉटप्रमाणे लिहिलेला असतो. २०१० च्या सुमाराला तो वॉटला दोन डॉलरच्या आसपास होता. २०२४ मध्ये चीनमध्ये दहा सेंटवर आला. हिशेब केला तर ५५० वॉटचं पॅनेल पंचावन्न डॉलरला पडतं. तेवढ्या मापाची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी ऐरोलीत त्याहून महाग पडते. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये लोकांनी बागेला पॅनेलांचं कुंपण घातल्याचं वाचलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. सिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांहून जास्त आहे, आणि जगाच्या मागणीच्या दुपटीहून अधिक माल काढतील इतके कारखाने उभे राहिले आहेत. त्यामुळे भाव कोसळला आणि चिनी कंपन्यांचं स्वतःचंच कंबरडं मोडलं.

आपल्या सरकारने १ एप्रिल २०२२ पासून पॅनेलांवर ४० टक्के आणि सेलवर (पॅनेलात जोडलेल्या वीज बनवणाऱ्या चौकोनांवर) २५ टक्के आयात ड्युटी लावली. त्याआधीचा मार्च महिना मी विसरणार नाही. ज्याला त्याला ३१ तारखेच्या आत माल सोडवायचा होता. रात्री अकरापर्यंत आम्ही कॉम्प्युटरसमोर, फोन थांबत नव्हते. त्या ड्युटीवर बरीच टीका झाली, पण मला ती पटली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशातल्या मान्यताप्राप्त कारखान्यांची पॅनेल बनवण्याची क्षमता वर्षाला १०० गिगावॅटवर पोचली. २०१४ मध्ये ती अडीच गिगावॅटही नव्हती. मात्र सेलचे कारखाने अजून फार मागे आहेत आणि त्याआधीचा वेफर, म्हणजे ज्यापासून सेल बनतो ती सिलिकॉनची पातळ चकती, जवळजवळ सगळा चीनमधूनच येतो. पॅनेलवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असलं तरी आतली चकती कुठून आली, ते बिल ऑफ एंट्री भरणाऱ्याला माहीत असतं. बातमी लिहिताना हा फरक वाचकांना सांगावा.

जगाचा वेगही गिगावॅटच्या रांगा देऊन कळत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९५४ साली सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल झाला. तिथून जगभरात मिळून पहिले एक हजार गिगावॅट बसायला २०२२ उजाडलं. पुढचे एक हजार २०२४ मध्येच पूर्ण झाले. पहिल्या हजाराला अडुसष्ट वर्षं, दुसऱ्याला दोन! एकट्या चीनने २०२४ मध्ये २७७ गिगावॅट बसवले. आपण २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू केली आणि जानेवारी २०२५ मध्ये एकूण १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. तरीही २०२४ मध्ये जगाच्या विजेत सौर विजेचा वाटा सात टक्क्यांच्या आतच होता. वाढायला केवढी जागा पडली आहे!

पाकिस्तानकडे मात्र लक्ष द्यायला हवं. त्यांनी २०२४ मध्ये चीनमधून सुमारे १७ गिगावॅटची पॅनेलं आणली. सरकारी वीज महाग आणि बेभरवशाची, म्हणून लोकांनी वाट न पाहता घरांवर, गिरण्यांवर, विहिरींवर ती बसवून टाकली. आता वीज कंपन्यांचं गिऱ्हाईक घटलं आहे आणि जे उरले, त्यांच्यावर बोजा पडतो आहे. माल स्वस्त असेल तर लोक तो कसाही बसवतातच. वीज कंपनीने त्यांना सोबत घ्यायचं की त्यांच्या मागून धावायचं, एवढाच प्रश्न उरतो.

पॅनेलाच्या भावावर सोलरची वाढ अडण्याचे दिवस गेले. ती अडते गच्चीवर, तारेवर आणि संध्याकाळी. राजस्थानात वीज वाहून न्यायला वाहिन्या पुरत नाहीत म्हणून भर दुपारी तयार होणारी वीज सोडून द्यावी लागते. ही तारेची गोष्ट झाली. गच्चीची गोष्ट आमच्या सोसायटीची सांगते, कारण ती मी सेक्रेटरी म्हणून भोगली आहे.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार मिळतात, हे आमच्या वार्षिक सभेत साठ जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. ३० किलोवॉटला ५ लाख ४० हजार होतात, ही काही किरकोळ रक्कम नाही. नवी मुंबई आणि ठाण्यात बंगले किती आणि सोसायट्या किती? तरी जाहिराती सगळ्या उतरत्या छपराच्या टुमदार घराच्या!

सभेत पहिला विरोध शेवटच्या मजल्यावरच्यांनी केला. "गच्चीला भोकं पाडाल आणि गळती आमच्या माथी," हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. ठेकेदाराने सांगितलं होतं की सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करू. प्रत्यक्षात दोन ओळींना त्याने थेट स्लॅबमध्ये बोल्ट मारले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ७०२ मधल्या काकूंनी मला घरात बोलावलं. देवघराच्या वरच्या छतातून पाणी ठिबकत होतं, खाली त्यांनी पातेलं लावलं होतं. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, मला मात्र मान वर करता येईना. वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घेतलं, ठोकळे ओतले, खर्च सोसायटीच्या डोक्यावर बसला.

दुसरी चूक टाकीची. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर तीन पॅनेलांवर यायची. पॅनेलं साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे तिघांवरच्या सावलीचा त्रास सगळ्या ओळीला होतो. मोबाइलमधल्या ॲपवर तीन वाजता आकडा धाडकन खाली यायचा आणि ठेकेदार म्हणायचा, ढग असेल. शेवटी आमच्या वॉचमनकाकांनी खडूने सावलीची कड दर तासाला गच्चीवर आखली. ती आखणी दाखवल्यावर पॅनेलं हलली.

नेट मीटरसाठीही, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरसाठी, थांबावं लागलं. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते, सोसायट्यांना मात्र त्याहून जास्त लागतात. तेव्हा मंजूर भार पुरेसा आहे का, रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) जागा आहे का, अशी कागदाला कागद जोडत महिने जातात. एवढं करून आज आमची स्थिती सांगते. मार्चच्या स्वच्छ दिवशी १३० युनिटपर्यंत वीज होते, जुलैत झड लागली की पन्नासही होत नाही, आणि कॉमन मीटरचं बिल आता सभेत भांडणाचा विषय राहिलेलं नाही. पाणी वर चढवायचा पंप पहाटे पाचला चालायचा, तो आता अकराला चालतो. घरगुती स्मार्ट मीटरवरही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त धरू लागले आहेत. तेव्हा कपड्यांचं मशीन रात्री लावायची सवय आमच्या इमारतीतल्या घराघरांनी बदलावी, असं मी सांगत असते.

उरली संध्याकाळ. सात वाजता लिफ्ट सर्वांत जास्त चालते, आणि तेव्हा पॅनेलं झोपलेली असतात. समोर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांना तर रात्र-दिवस सारखीच वीज हवी. उत्तर बॅटरीत आहे आणि तिचाही भाव पॅनेलाच्याच वाटेने निघाला आहे: २०२४ मध्ये जागतिक सरासरी किलोवॉट-तासाला, म्हणजे एक युनिट साठवण्याच्या क्षमतेला, ११५ डॉलर, २०१० च्या भावाच्या जवळपास दशांश. पुढच्या पाच वर्षांतली बाजाराची खरी बातमी इथे घडणार आहे. ती आपल्या पानावर वेळेत यावी.

ठाण्याने नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, तेव्हा त्या शहराचं कौतुक झालं होतं, आणि ते रास्तच होतं. पण घोडबंदर रोडला माझ्या बहिणीच्या इमारतीवर जाऊन पाहा. काचेच्या नळ्या फुटलेल्या, टाकी गंजलेली, मधून कबुतरांची घरटी. भोगवटा प्रमाणपत्रापुरता बसवला आणि मग कुणी ढुंकून पाहिलं नाही. पॅनेलांचं असं होऊ नये, यासाठी माझी मागणी साधी आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी प्रभागवार किती गच्च्यांवर सोलर आहे आणि त्यांतले किती चालू आहेत, ते दरवर्षी जाहीर करावं. महावितरणने कुठल्या रोहित्रावर अजून किती किलोवॉट जोडता येतील, ते सोसायटीने अर्ज करण्याआधी दिसेल असं ठेवावं. आणि आपण शहर पानावर ठेकेदाराला विचारायचे प्रश्न छापावेत: ठोकळे की बोल्ट, सावली कुठल्या महिन्यात कुठवर येते, वॉटरप्रूफिंगची हमी कोण देणार. हे तीन प्रश्न मला आधी ठाऊक असते तर काकूंच्या देवघरात पातेलं लागलं नसतं.

आपला वार्ताहर एखाद्या दुपारी बारा वाजता आमच्याकडे पाठवा. चहा मी करीन. आमच्या टाकीच्या शिडीवरून सेक्टरमधल्या ४४ गच्च्या दिसतात. निळे पत्रे, डिशच्या छत्र्या, वाळत घातलेल्या चादरी. मागच्या रविवारी मी मोजलं, सोलर तीनच गच्च्यांवर आहे, त्यांतली एक आमची. उरलेल्या ४१ पैकी दोन सोसायट्यांच्या कमिट्या येत्या रविवारी आमची गच्ची बघायला येणार आहेत, तेव्हा आलात तर त्यांचीही भेट होईल.

आपली,
एक नियमित वाचक
ऐरोली, नवी मुंबई