चुना जूनमध्येच भिजत पडला पाहिजे : जुन्या गोव्याच्या रोझरी चर्चविषयी खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार

मंत्री महोदय,

जुन्या गोव्यात येणारा पर्यटक बॉम जेझू आणि से कॅथेड्रल पाहून परततो. मोंते सांतो टेकडीच्या टोकावर, मांडवीकडे तोंड करून उभ्या असलेल्या रोझरी चर्चपर्यंत फार थोडे जण पोहोचतात. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकर्कने याच टेकडीवरून गोव्याची लढाई पाहिली आणि इथे चर्च बांधण्याचा नवस केला, असे सांगितले जाते. आजची वास्तू 1540 च्या दशकातली. काळाने ती सोळाव्या शतकातली असली, तरी तिची घडण युरोपच्या मध्ययुगाची आहे: वेदीवरच्या छताला दगडी फासळ्यांच्या कमानी, दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांना गोल बुरूज, छताजवळ उंचावर लहान खिडक्या आणि बाहेरून भिंतीला वेढणारे पिळदार दोरखंडाचे नक्षीकाम. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला याच्या नावाने ओळखली जाणारी ही शैली भारतात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. पोर्तुगीज गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नी कातारिना यांची वेदीजवळची कबर पाहावी. तिच्यावरचे कोरीव काम गुजराती कारागिरीच्या वळणाचे आहे.

हे चर्च भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि 1986 पासून जागतिक वारशात. आमचे म्हणणे त्याच्या गिलाव्याविषयी आहे.

गोव्यातल्या जुन्या चर्चच्या भिंती जांभ्याच्या आहेत. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवेवर कठीण होतो. पण त्याच्या पोटात मातीचे कप्पे असतात. उघडा ठेवला की पावसाने ते धुपतात आणि चिऱ्याला भोके पडत जातात. म्हणून बांधणाऱ्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढवला. बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला. त्याच्या चिऱ्यांची आजची अवस्था पाहिली की गिलाव्याचे काम कळते.

सिमेंट हा त्यावर उपाय नाही. जांभ्याची भिंत जमिनीतून ओल शोषते आणि ती बाहेर टाकते. चुना ती वाट मोकळी ठेवतो, सिमेंट अडवते. अडलेल्या पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचतात, चिऱ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि शेवटी सिमेंटचा पापुद्रा दगडाचा थर घेऊनच सुटतो. दरजांमध्ये भरलेले सिमेंटही तेच करते.

चुन्याचे काम मात्र घाईत होत नाही. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, पाण्यात विरवून पाण्याखाली काही महिने मुरवावा लागतो. साधारण एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली टोकदार वाळू. गिलाव्याचा पहिला हात, म्हणजे थर, 10-12 मिलिमीटर, दुसरा त्याहून पातळ. एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मग ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर सावलीत ठेवायचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना दगड होतो, आणि त्यासाठी त्यात थोडी ओल राहावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी आधी उडते, चुना पिठूळ राहतो आणि जूनच्या पहिल्या सरींत वाहून जातो. मग दोष चुन्याला दिला जातो आणि पुढच्या निविदेत सिमेंट शिरते.

खरा दोष वेळापत्रकाचा असतो. जानेवारीत निविदा आणि मार्चअखेर खर्च, या चक्रात चुना बसत नाही. एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली, जूनमध्ये चुना भिजत पडला आणि पावसाळा सरून भिंती सुकल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गिलावा झाला, तरच तो टिकेल. त्यासाठी चुन्याच्या कामांना दोन आर्थिक वर्षांत पसरलेला निधी द्यावा. कारागिराचा पूर्वीचा चुन्याचा नमुना तपासल्याशिवाय काम देऊ नये.

गिलाव्याआधी पाणी वळवावे: छताच्या पन्हाळी साफ, पायथ्याची जमीन भिंतीपासून बाहेर उतरती. दरजांतले पिंपळाचे रोप नुसते छाटू नये. मूळ राहिले की ते जाड होऊन चिरे फोडते. दर मे महिन्यात ही तपासणी व्हावी आणि तिचा छायाचित्रांसह अहवाल लोकांना पाहता यावा.

गोव्यातल्या गावोगावच्या जांभ्याच्या चर्चनाही हेच लागू आहे. त्यांतली बहुतेक आपल्या खात्याच्या यादीत नाहीत, आणि तिथली दुरुस्ती गावाच्या वर्गणीतून होते. रोझरी चर्चच्या कामाचे प्रमाण, थर आणि वेळापत्रक मराठी आणि कोकणीत छापून दिले, तर ते या गावांना वापरता येईल. पुढच्या नोव्हेंबरात काम सुरू व्हायचे असेल, तर मंजुरीचा कागद एप्रिलमध्येच निघायला हवा.

आपले,
जांभा-चुन्याच्या बांधकामात काम करणारे कारागीर आणि अभियंते