राणी ॲनची बाजू : मैत्रिणीस पत्र

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंग्लंडच्या राण्यांत पहिली एलिझाबेथ आणि व्हिक्टोरिया सोडल्यास लक्षात ठेवावे असे कोणी नाही, आणि ॲनबद्दल तर ‘आजारी, हट्टी आणि मैत्रिणींच्या तंत्राने चालणारी बाई’ यापलीकडे तुझ्या कानावर काही आलेले नाही, असे तू लिहिले आहेस. यात तुझा दोष फारसा नाही. ॲनचे हे चित्र जिने रंगवले, ती सारा चर्चिल, म्हणजे मार्लबरोची डचेस, आधी तिची जिवलग मैत्रीण होती आणि पुढे दरबारातून दूर झालेली, दुखावलेली स्त्री. ॲनच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १७४२ मध्ये, साराने आपल्या कारकिर्दीची हकिगत छापून घेतली. ती इतकी चटकदार आहे की पुढच्या अनेकांनी तिलाच पुरावा मानले. मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि पत्र लांबणार आहे, तेवढे सोसून घे.

ॲनचा जन्म ६ फेब्रुवारी १६६५ चा. राजा दुसरा चार्ल्स याचा धाकटा भाऊ जेम्स याची ती मुलगी. लहानपणी तिचे डोळे सतत पाझरत, म्हणून उपचारांसाठी तिला फ्रान्समध्ये आजीकडे पाठवण्यात आले. १६६९ मध्ये आजी वारली, तेव्हा तिला आत्याने सांभाळले. पुढल्याच वर्षी आत्याही अचानक गेली. मुलगी मायदेशी परतली आणि १६७१ मध्ये आईचे छत्रही हरपले. तेव्हा ॲन सहा वर्षांची होती. ती कधी सिंहासनावर बसेल असे कोणाच्या मनात नसल्यामुळे तिला संगीत, नृत्य, फ्रेंच आणि अँग्लिकन धर्माचे शिक्षण मिळाले, पण राज्यकारभाराला उपयोगी पडेल असे फारसे काही शिकवले गेले नाही. वडील कॅथलिक झाले होते. मुलींना मात्र चार्ल्सच्या आज्ञेने प्रॉटेस्टंट ठेवले गेले, आणि पुढचे सगळे रामायण तिथूनच सुरू झाले.

१६८३ मध्ये तिचे लग्न डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज याच्याशी झाले. जॉर्जला मी शुद्धीत असताना पाहिले आणि प्यायलेला असतानाही पाहिले, पण त्याच्यात काहीच नाही, असा शेरा चार्ल्सने मारल्याचे सांगतात. राजा म्हणून चार्ल्सची पारख चांगली असेलही, पण नवरा म्हणून जॉर्ज खरोखर चांगला निघाला. राजघराण्यातले ठरवून केलेले हे लग्न पंचवीस वर्षे निष्ठेने आणि प्रेमाने टिकले, ही त्या काळात दुर्मीळच गोष्ट होती.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात अडखळतो. १६८४ ते १७०० या काळात ॲनला किमान सतरा वेळा दिवस गेले. त्यांपैकी बारा वेळा गर्भपात झाला किंवा मूल मृतच जन्मले. जिवंत जन्मलेल्या पाचांपैकी एक मुलगी दोन तास जगली, एक मुलगा काही मिनिटे. मेरी आणि ॲन सोफिया या दोन मुली जगल्या, हसू-खेळू लागल्या, आणि १६८७ च्या फेब्रुवारीत देवीच्या साथीत दोघीही एका आठवड्याच्या आत गेल्या. त्याआधी थोडेच दिवस ॲनचा आणखी एक गर्भपात झाला होता, आणि जॉर्जही त्याच आजाराने अंथरुणाला खिळला होता. लेडी रेचेल रसेल या समकालीन स्त्रीने एका पत्रात या नवरा-बायकोविषयी लिहिले आहे की, ती दोघे कधी रडत, कधी बोलून शोक करीत, आणि मग हातात हात घेऊन नुसतीच बसून राहत. आजचे वैद्य या साऱ्यामागे रक्त गोठण्याच्या विकारापासून ल्युपसपर्यंत अनेक तर्क लढवतात. तिच्या काळी मात्र याला देवाचा कोप मानणारेही होते, आणि वडिलांशी आपण जसे वागलो त्याचीच ही शिक्षा, असे तिला स्वतःला वाटले असल्यास नवल नाही.

उरला एकटा विल्यम, ग्लॉस्टरचा ड्यूक. त्याचा जन्म १६८९ चा. डोके मोठे, चालताना तोल जाई, पण मुलगा चुणचुणीत होता आणि त्याला लहान मुलांच्या पलटणीची कवायत घेण्याचा भारी नाद होता. जुलै १७०० मध्ये अकरावा वाढदिवस साजरा झाला त्याच रात्री त्याला बरे वाटेनासे झाले, आणि सहाव्या दिवशी विंडसरच्या वाड्यात तो गेला. ॲन त्याच्या उशाशी बसून होती. साराला लिहिलेल्या पत्रांत ती ‘मिसेस मॉर्ली’ आणि सारा ‘मिसेस फ्रीमन’ अशी टोपणनावे असत, म्हणजे दोघींमध्ये राणी आणि सेविका असा भेद उरू नये. मुलगा गेल्यावर त्या नावामागे ‘अभागी’ हे विशेषण जोडून ती सही करू लागली.

वडील आणि बहीण यांची कथाही कमी दुःखाची नाही, पण तिथे मी तिची वकिली सरसकट करणार नाही. १६८८ मध्ये, तोवर राजा झालेल्या जेम्सला मुलगा झाला, तेव्हा ते मूल बाहेरून आणून राणीच्या कुशीत ठेवले अशी आवई प्रॉटेस्टंटांनी उठवली, आणि ॲनने हॉलंडमधील आपल्या बहिणीला, मेरीला, पत्रे लिहून त्या संशयाला खतपाणी घातले. स्वतः इतकी मुले पुरलेल्या स्त्रीने नवजात भावाचा जन्मच खोटा ठरवावा, हे मला आजही खटकते. त्याच हिवाळ्यात ती साराबरोबर रात्री मागच्या जिन्याने वाडा सोडून पळाली आणि वडिलांच्या विरोधकांना जाऊन मिळाली. जेम्सची गादी गेली, मेरी आणि तिचा डच नवरा विल्यम गादीवर बसले, पण बहिणींचे पटले नाही. साराला नोकरीवरून काढ, ही मेरीची मागणी ॲनने धुडकावली. एप्रिल १६९२ मध्ये ॲनचे मूल जन्मताच गेले. मेरी भेटायला आली ती सांत्वनाऐवजी तीच मागणी पुन्हा घेऊन. त्यानंतर दोघी कधी भेटल्या नाहीत. १६९४ च्या डिसेंबरात मेरीही देवीनेच वारली.

८ मार्च १७०२ रोजी विल्यम वारला आणि सदतीस वर्षांची ॲन राणी झाली. गाउटने, म्हणजे सांध्यांच्या दुखण्याने, पाय इतके सुजलेले होते की राज्याभिषेकासाठी तिला खुर्चीत बसवून वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यावे लागले. पण पहिल्याच भाषणात ‘माझे अंतःकरण पूर्णपणे इंग्रज आहे’ असे सांगून तिने परदेशी राजाला कंटाळलेल्या प्रजेला जिंकले, आणि स्वतःच्या नेमणुकीतून एक लाख पौंड फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी सोडून दिले. १७०४ मध्ये तर पाद्र्यांकडून राजाला मिळणारे, हेन्री आठव्याच्या काळापासूनचे कर तिने गरीब पाद्र्यांच्या उत्पन्नासाठी तोडून दिले. ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ नावाने तो निधी १९४८ पर्यंत स्वतंत्रपणे चालला.

तिच्या हातून कारभार कसा होत असे, हा साराच्या चित्रातला सर्वांत खोटा भाग आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकींना ती नेमाने स्वतः हजर राहून अध्यक्षस्थान घेई. संसदेच्या लॉर्ड्स सभेतील वादविवाद ऐकायला ती जाऊन बसे. राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या जुन्या समजुतीला विल्यमने मान दिला नव्हता. तिने तो विधी पुन्हा सुरू केला, आणि १७१२ मध्ये तिच्यापुढे आणलेल्या मुलांत पुढे शब्दकोशकार म्हणून गाजलेला लहानगा सॅम्युएल जॉन्सनही होता. स्कॉटलंडचे एक प्रतिनिधी सर जॉन क्लार्क यांनी तिला गाउटचा झटका आलेला असताना पाहिले होते. तांबूस, डागाळलेला चेहरा, अस्ताव्यस्त कपडे आणि मळकट पट्ट्यांत बांधलेला पाय असे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. लोक ते वाचून तिची कीव करतात. मला त्यातून एवढेच दिसते की अशा अवस्थेतही ती प्रतिनिधींना भेटत होती.

ज्या कामासाठी ते प्रतिनिधी आले होते, ते तिच्या राजवटीतील सर्वांत टिकाऊ काम ठरले. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा शंभर वर्षे एकच होता, पण संसदा दोन होत्या, आणि ॲनला वारस नसल्यामुळे तिच्यामागे दोन्ही देश दोन वाटांनी जाण्याचा धोका खरा होता. ऐक्याचा आग्रह तिने पहिल्या भाषणापासून धरला आणि १ मे १७०७ रोजी ग्रेट ब्रिटन अस्तित्वात आले. स्कॉटलंडमधील पुष्कळांना तो सौदा मान्य नव्हता आणि पैशांच्या देवघेवीचे आरोपही झाले, हे खरेच. पुढच्याच वर्षी तिचा तो सावत्र भाऊ फ्रेंच आरमार घेऊन स्कॉटलंडकडे निघाला, तेव्हा स्कॉटिश लोकसेना उलटेल या भीतीने ती उभारण्याच्या विधेयकाला तिने संमती नाकारली. ब्रिटिश राजसत्तेने संसदेचे विधेयक नाकारण्याचा तो आजवरचा शेवटचा प्रसंग आहे.

युद्धातील विजयांचे, म्हणजे ब्लेनहाइम, रामिली, औदेनार्द यांचे, श्रेय साराचा नवरा, सेनापती मार्लबरो याला द्यावे, यात वाद नाही. पण त्याला दहा वर्षे पाठीशी कोणी घातले? आणि त्या विजयांच्या जोरावर सारा आणि व्हिग पक्षाची मंडळी तिच्यावर आपली माणसे लादू लागली, तेव्हा १७०६ मध्ये तिने आपला खजिनदार मंत्री गोडॉल्फिन याला लिहिलेले पत्र तू जरूर वाच. व्हिग असो वा टोरी, निष्ठेने काम करील त्याला नेमण्याचे स्वातंत्र्य मला हवे. दोहोंपैकी एका पक्षाच्या हाती सापडले तर नावाची राणी असूनही मी त्यांची गुलामच ठरेन, असा त्याचा आशय आहे. तंत्राने चालणारी बाई असे लिहीत नाही. त्या वेळी तिला साराचा जावई संडरलंड मंत्री म्हणून घ्यावाच लागला, पण चार वर्षांनी तिने त्यालाही काढले आणि गोडॉल्फिनलाही.

साराशी बिनसण्याचे कारण राजकारण होते तसेच दुःखही होते. ऑगस्ट १७०८ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलमधील विजयोत्सवाला जाताना दागिन्यांवरून वाद झाला आणि साराने राणीला चारचौघांत गप्प राहायला सांगितले. त्याच ऑक्टोबरात जॉर्ज वारला, आणि साराने त्याची तसबीर राणीच्या शयनगृहातून काढून नेली. ॲन ती परत मागत राहिली. माझ्या मते मैत्री खऱ्या अर्थाने तिथेच संपली, साराची जागा घेणाऱ्या ॲबिगेल मॅशम नावाच्या सेविकेमुळे नव्हे. एप्रिल १७१० च्या शेवटच्या भेटीत सारा रडून-भांडून खुलासा मागत होती आणि ॲन एकच वाक्य परत परत म्हणत होती : तुम्हाला उत्तर नको होते, तुम्हाला ते मिळणारही नाही.

पुढे फ्रान्सशी तह व्हावा म्हणून तिने लॉर्ड्स सभेत बहुमतासाठी एकदम बारा नवे उमराव नेमले, आणि १७१३ मध्ये उट्रेख्टचा तह झाला. जिब्राल्टर, मिनोर्का, न्यूफाउंडलंड ब्रिटनकडे आले. त्याच तहाने स्पॅनिश वसाहतींना दरसाल ४,८०० आफ्रिकन गुलाम पुरवण्याचा मक्ताही तीस वर्षांसाठी मिळाला. पक्षांची गुलामी जिला असह्य होती, तिने याची घोषणा संसदेत लाभ म्हणून केली. तिची बाजू मांडताना हे दडवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आयर्लंडमधील कॅथलिकांवरचे १७०४ चे जाचक कायदेही तिच्याच काळातले. आपल्याकडचा धागा म्हणशील, तर सुरतेत आणि मुंबईत एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन इंग्रज व्यापारी कंपन्या गोडॉल्फिनच्या निवाड्याने तिच्याच कारकिर्दीत एक झाल्या, आणि पुढे आपल्या नशिबी आली ती हीच संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी.

लेखकांना त्यांच्या पुस्तकांवर चौदा वर्षांचा हक्क देणारा १७१० चा कायदा, समुद्रावर रेखांश शोधणाऱ्याला वीस हजार पौंडांचे बक्षीस देणारा १७१४ चा कायदा, न्यूटनला दिलेला ‘सर’ हा किताब, संगीतकार हँडेलचे वर्षाला दोनशे पौंडांचे वेतन, हे सारे त्या बारा वर्षांतलेच. प्रत्येकाचे श्रेय तिचे नाही, पण कारकीर्द तिची होती.

जुलै १७१४ च्या अखेरीस मंत्र्यांची भांडणे तिच्यासमोरच रात्री उशिरापर्यंत चालली. त्यानंतर तिला झटके आले. ३० जुलैला, जवळजवळ वाचा गेलेली असताना, तिने खजिनदारपदाचा अधिकारदंड श्रूसबरी या उमरावाच्या हाती दिला, आणि १ ऑगस्टला ती गेली. वय एकोणपन्नास. तिचा दूरचा प्रॉटेस्टंट नातलग, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज, कोणाचेही रक्त न सांडता गादीवर आला. तिचे वैद्य आर्बथनॉट यांनी लेखक स्विफ्टला लिहिले की, थकलेल्या वाटसरूला झोप जितकी हवीशी वाटते तितकाच तिला मृत्यू हवासा वाटला.

तुझे आक्षेप सविस्तर कळव. १६८८ बद्दल तर नक्कीच लिही, कारण तिथे माझी बाजू लंगडी आहे हे मी जाणते. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
वसुधा