मेडिकलवाल्याने एक प्रश्न तरी विचारावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अवयवदान दिनाच्या बातम्या वाचल्या. १९९४ साली ३ ऑगस्टला डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, म्हणून हा दिवस. (मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्येच हे धाडस केले होते, रुग्ण काही तासच जगला. आपल्याच राज्यातली ही गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही.) अवयवदानाचा अर्ज जरूर भरावा. मला लिहायचे आहे ते प्रत्यारोपणानंतरच्या काळजीबद्दल.

माझ्या धाकट्या बहिणीला किडनी बसवून सहा वर्षे झाली. सकाळी आठ आणि रात्री आठ, प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी चुकवायची नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिचा गजर वाजतो. ही गोळी कमी पडली तर शरीर परकी किडनी नाकारते, जास्त झाली तर तीच किडनीला बाधते. म्हणून रक्तातली ‘लेव्हल’ सारखी तपासायची.

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. भाचा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला, “काहीतरी स्ट्राँग द्या” म्हणाला. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळाले. ना चिठ्ठी मागितली, ना कुणासाठी हवे ते विचारले. चौथ्या दिवशी बहिणीच्या हातातला कप बशीवर खडखडायला लागला, इतका कंप. लेव्हल दुपटीच्या वर, किडनीचे काम बिघडल्याचे दाखवणारे क्रिएटिनिनही चढलेले. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे शरीरात टॅक्रोलिमस मोडण्याचे काम मंदावते, हे आम्हाला तेव्हा कळले. किडनी वाचली. चूक आमचीही होती, नाही म्हणत नाही.

दुसरी बाजू जास्त धास्तीची आहे. १९६७ मध्ये केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदय बसवले. तो रुग्ण १८ दिवसांनी गेला तो न्यूमोनियाने. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला जंतूंपासून राखायला अँटिबायोटिकशिवाय आहे काय? बायपासलाही छातीवर सुरी लावण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक देतात. पण मनाला येईल तशी अँटिबायोटिक घेऊन जंतूच त्याला दाद देईनासे झाले, तर सर्जनचा हात कितीही चांगला असो.

आणि इथे काउंटरवर काय चालते? “दोनच गोळ्या द्या” म्हटले की कात्रीने स्ट्रिप कापली जाते. नाव, मुदत आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ बरेचदा दुकानदाराच्या तुकड्यावर राहते. गिऱ्हाईक दोन निनावी गोळ्या खिशात घालून घरी. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक औषधे चिठ्ठीशिवाय न विकायच्या सरकारी ‘एच-१’ यादीत आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टर आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम मार्च २०१४ पासून आहे. अन्न व औषध प्रशासनाने सिडको, सातपूर, पंचवटीतल्या दुकानांतून या वह्या अचानक उघडून पाहाव्यात. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. शहरात कोणत्या जंतूवर कोणते औषध अजून चालते, याचा तक्ता त्याने दरवर्षी वर्तमानपत्रांतून द्यावा.

तोवर मेडिकलवाल्या दादांना एवढीच विनंती: गोळी कापण्याआधी “आणखी कोणती औषधं चालू आहेत?” एवढे विचारा. गर्दी असली तरी.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक